बर्फ उठून गेल्यावर

गुनवोर मला एक कडी दाखवते,
लोखंडाची, खडकात रुतलेली,
गंजून गंजून इतकी झिजलेली
की तिच्यात आता माझे दोन अंगठे मावतात.
"इथं बाबा होडी बांधायचे."
भोवती ज्युनिपरची खुरटी झुडपं,
मुंग्यांचं वारूळ, कुणाच्या तरी गाईचं वाळलेलं शेण.
समुद्र?
ती नुसती हनुवटी उचलते : तिकडं,
अल्डरच्या रांगेपलीकडं, चारशे पावलांवर.

मी मोजणीला आलोय.
क्वार्केनच्या या फिनलंडकडच्या काठावर
जमीन कुणाची, हे ठरवायचंय.
माझ्याकडच्या शिक्क्याच्या नकाशात
आम्ही उभे आहोत ती जागा निळी आहे.

इथं बर्फ बसला होता.
पडला नव्हता, बसला होता,
तीन किलोमीटर जाडीचा,
उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा.
त्याच्या बुडाखाली भुई खचली,
आणि तिच्याही खालचा ऊन, जड दगड
गोठत आलेल्या काकवीहून लाखपट सावकाश
बाजूला सरकला.
मग तो उठला, जाता जाता
दगडगोट्यांचे बांध ओढून गेला,
ओल्या गिलाव्यावर फणी फिरवावी तसे.
दहा हजार वर्षं झाली.
कापसाच्या गादीवरून जड माणूस उठतो,
खळी राहते, आणि रात्रभर
कुणी बघत नसताना भरत येते,
तसं चाललंय अजून.
वर्षाला आठ मिलिमीटर.
करंगळीचं नखसुद्धा याहून घाईनं वाढतं.

काठावर एक उभा कातळ आहे,
त्याच्या पायाशी पाणी अजून टिकून आहे.
तिथं एलोफनं, म्हणजे तिच्या बाबांनी,
वारा पडलेल्या दिवशी, पाणी जिथं टेकलं होतं
तिथं छिन्नीनं आडव्या रेघा मारल्यात.
चौकटीवर पोरांची उंची खुणावतात तशा, पण उलट्या :
जुनी वर, नवी खाली.
सगळ्यात वरची गुनवोरच्या जन्माची.
ती आता माझ्या मांडीला लागते.
मधली, युद्धावरून परतले तेव्हाची, वाकडी आलीय.
खालची आईची.
पाण्यावरची रेघ टिकत नाही म्हणतात.
एलोफच्या टिकल्या.
पाणी गेलं.

"होडीघर तीन वेळा हलवायला निघालो," ती सांगते.
"पहिल्यांदा घोडा लावून. मग ट्रॅक्टर.
तिसऱ्यांदा कुणी आलंच नाही."
ते झाडांत उभं आहे, दार समुद्राकडं करून,
आत हेरिंगची जाळी, बुचाचे तरंगे,
आणि होडीत कोल्हीण विते दर वसंतात.
खाडीचं तोंड कधीच बंद झालं,
तिचं तळं झालं, तळ्याचं आता बोरूचं रान होतंय.
पुतण्याला, केन्नेटला, तिथं सौना बांधायचाय.
गावाच्या बैठकीत तो म्हणाला, नवी जमीन आहे,
फुकटची आहे, वाटून घेऊ.
गुनवोर म्हणाली, मग माझं पाणी कुणाकडून मागू?
यावर इतिवृत्तात काही लिहिलेलं नाही.

मी सांगून बघतो, आता समुद्रही चढतोय,
सगळ्या जगात चढतोय.
"चढू दे," ती थर्मासचं झाकण फिरवत म्हणते,
"बघू कोण आधी दमतं."
कॉफी कडू आहे. ती साखर दातात धरून पिते.

मी तीन दिवस राहिलो.
तेवढ्यात माझ्या यंत्राची तिवई
एका केसाच्या जाडीएवढी वर आली असणार.
हे अहवालात येत नाही.
हद्दीचा दगड कुठं रोवू, विचारलं
तर म्हणाली, कुठंही रोव,
पण जरा हलका आण,
पुढच्या माणसाला उचलायचाय.

निघताना ती पुन्हा त्या कडीपाशी थांबली.
एप्रनच्या खिशातून दोरीचा तुकडा काढला,
वाकली, गुडघे करकरले,
एक हात, दोन वेढे, न बघता गाठ मारली,
आणि अंगाचा सगळा भार देऊन ओढली.
"धरतेय अजून," म्हणाली.
दोरीच्या दुसऱ्या टोकाला
ब्लूबेरीची पानं, थोडी हलली.